काळीचा प्रवास

मृगाचा पाऊस वरच्या अंगाला जोरात झाला की नांदेडच्या गोवर्धन घाटावर गोदावरीच्या पाण्याचा रंग बदलतो. पूर्णेने हिंगोली-परभणीकडची काळी माती आणलेली असते. लातूर-निलंग्याकडची काळी मांजरेबरोबर जाते. ती बीदरकडून वळसा घेते, निजामसागरात अडते, आणि त्यातून जी सुटते ती नांदेड जिल्ह्याच्या हद्दीला लागून कंदकुर्तीच्या संगमावर गोदावरीला मिळते. नदीच्या त्या रंगाकडे बघताना मला दरवेळी कुणाचा तरी फुटलेला बांध दिसतो.

जाड वाळू तळानं घरंगळत जाते आणि प्रवाह मंदावला की बसते. काळीचं तसं नाही. तिचा कण इतका बारीक, की अगदी निश्चल पाण्यातही मीटरभर खाली यायला त्याला तीन-तीन दिवस लागतात. शिवाय या कणांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात, आणि वाहत्या गोड्या पाण्यात त्यांना खाली बसायला सवडच मिळत नाही. धवळेश्वरमला १८५२ साली आर्थर कॉटनने बांधून पुरा केलेल्या बंधाऱ्याच्या जागी आज असलेला बंधारा ओलांडून नदी गौतमी आणि वसिष्ठा अशी दुभंगते, तरी आपली माती पाण्यात तरंगतेच आहे.

मग यानमच्या पुढे समुद्राचं खारं पाणी भेटतं. पुराच्या दिवसांत आपण माठात तुरटी फिरवतो, तेच काम तिथे समुद्राचं मीठ करतं. कणांवरचा भार निवतो, ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे मऊ पुंजके होतात. तीन दिवसांचं अंतर पुंजका काही तासांत, कधी काही मिनिटांतच उतरतो.

पण खाडी त्याला सुखासुखी बसू देत नाही. भर पावसाळ्यात नदीचाच जोर इतका, की गाळाचा लोट थेट उपसागरात जातो. खरी गंमत पाऊस ओसरल्यावर. खारं पाणी जड, ते तळानं आत घुसतं. गोडं हलकं, ते वरून बाहेर पडतं. वरच्या पाण्याबरोबर समुद्राकडे निघालेला पुंजका जड होऊन खाली येतो आणि तळाच्या पाण्यात सापडून पुन्हा नदीच्या दिशेला मागे येतो. अशा ये-जा करणाऱ्या गाळाचा एक दाट गढूळ पट्टा खाडीत तयार होतो. भरती-ओहोटीच्या मधल्या थबकलेल्या घटकेला पुंजके तळाला टेकतात, पुढच्या ओढीत त्यांतले काही उठतात. उधाणाला जास्त उठतात, भांगाच्या दिवसांत जास्त बसतात. जे काठाला, कोरिंगाच्या खारफुटीच्या मुळांत अडकतात, त्यांचा चिखल घट्ट होत जातो आणि तीच जमीन होते. गोदावरीच्या मुखाजवळ समुद्रतळ खणून काढलेल्या गाळात गेल्या काही हजार वर्षांत दख्खनच्या काळ्या मातीचा वाटा वाढत गेलेला दिसतो. पावसाचं मान घटलं, नांगर वाढले, तसं आपलं शिवार तिकडे साठत गेलं.

आता हा प्रवास वाटेतच थांबतो आहे. पैठणचा नाथसागर १९७६चा, खाली नांदेडला विष्णुपुरी, त्याखाली पोचमपाडचा श्रीरामसागर. गोदावरी समुद्राला देत असलेला गाळ १९७०च्या दशकाच्या मानाने १९९०च्या दशकात निम्म्याहून खाली आला, आणि तिथला किनारा जागोजाग झिजू लागला. पोटात गाळ घेऊन आपली धरणं उथळ होतात. २०१६ साली रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दोन्ही टोकांचं नुकसान करणारी ही वाटणी मला सहन होत नाही.

२०१७ पासूनच्या गाळमुक्त धरण योजनेत तलावांतली ही माती ट्रॅक्टरनं परत वावरात जाते, ते चांगलंच आहे. पण नदीवरच्या बंधाऱ्यांचाही विचार व्हावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानुसार नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याची दारं १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी असतात. दोन राज्यांतलं ते भांडण पाण्याचं होतं, पण त्या दारांतून गाळही मोकळा जातो. सर्वांत जास्त माती सुरुवातीच्या पुरांत येते. ते पूर दारं उघडी ठेवून जाऊ द्यावेत आणि साठवण परतीच्या पावसावर करावी, हे प्रत्येक बंधाऱ्यावर जमेल असं नाही. जिथे जमेल तिथे तरी यंदापासून व्हावं.