तपातील आगार

व्यापारी घरात प्रत्येक गोष्टीची नोंद होते. उधारी, जमा, आलेला माल, गेलेला माल, सारे वहीत उतरते. मंचरच्या बाजारपेठेतील एका किराणा-भुसाराच्या घरात मात्र सात वर्षे एका गोष्टीची वाच्यता कोठेच होत नव्हती. सुनेची कूस उजवली नव्हती. उपचारांसाठी पुण्याला होणाऱ्या फेऱ्या ‘माल पाहायला जातो’ या नावाखाली होत असत.

सून जुन्नरची. लहान चणीची, उंची जेमतेम 4 फूट 7 इंच, वजन 40 किलो. कामाला मात्र वाघीण आणि तपाला त्याहून. लग्नाआधीच तिने एक अठाई केली होती. ‘घरात पाळणा हलला तर दुसरी अठाई करीन,’ असे तिने मनाशी धरले होते.

शरीराबाहेर भ्रूण तयार करून तो गर्भाशयात ठेवण्याचा उपचार आपल्याकडे नवा राहिलेला नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून अशा पद्धतीने मुलीचा जन्म झाला तो 6 ऑगस्ट 1986 रोजी. त्याही आधी, 3 ऑक्टोबर 1978 रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे यश मिळवले होते. त्याला मान्यता मिळाली ती त्यांच्या मृत्यूनंतर. इतका काळ लोटला, तरी आपल्या घरांत हा विषय दार लावूनच बोलला जातो.

दोन प्रयत्न वाया गेले. तिसऱ्या वेळी डॉक्टरबाईंनी एकच भ्रूण ठेवावा असे सुचवले. लहान चणीच्या स्त्रीला जुळ्यांचा भार जड जातो, दिवस पुरे होण्याआधी प्रसूती होण्याचा संभव वाढतो, रक्तदाब आणि रक्तक्षय यांचीही भीती असते, हे त्यांनी नीट समजावले. परंतु खर्च आणि निराशा या दोहोंनी थकलेल्या पतिपत्नींनी दोन भ्रूणांचा आग्रह धरला. दोन्ही रुजले.

गर्भवतीची उंची 140 सेंटिमीटरपेक्षा कमी असली तर सरकारी तपासणीतही ती जोखमीची समजली जाते. जुळी असली तर जोखीम आणखी वाढते. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. तेथे अशा स्त्रीच्या कार्डावर लाल खूण करतात. सासूबाईंनी ती खूण पाहिली आणि त्या दिवसापासून सुनेच्या हातातली घागर आणि झाडू दोन्ही काढून घेतले.

खरी अडचण निघाली ती जेवणाची. वाढत्या गर्भाशयाने जठर दाबले जाई. चार घास घेतले की पोट भरे. डॉक्टरबाईंनी दर दोन तासांनी थोडे थोडे, आणि रात्री झोपण्यापूर्वी दूध घ्यायला सांगितले. मुगाचे धिरडे, पनीर, राजगिरा, शेंगदाण्याचा लाडू, गूळ, खजूर; सोबत लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या. कांदा-बटाटा घरात कधीच नव्हता, त्यावाचून काही अडणार नव्हते. अडत होते ते सूर्यास्तावर. अकराव्या वर्षापासून ती चौविहार करीत आली होती. रात्रीचा दुधाचा पेला तोंडाशी नेताना तिचा हात थबकत असे.

पर्युषण आले तेव्हा अठ्ठाविसावा आठवडा सुरू होता. स्थानकात रोज तपस्वींची अनुमोदना होत होती. तिच्या मनातली अठाई उसळून आली. ‘ज्याच्यासाठी बोलले ते मिळाले, मग दिलेला शब्द कसा मोडू?’ असे म्हणून ती रडली. सासूबाई तिला घेऊन चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या महासतीजींकडे गेल्या आणि उपचारांसह सारी हकीकत त्यांना सांगितली. घराबाहेरच्या माणसाजवळ ती प्रथमच उच्चारली जात होती.

महासतीजींनी शांतपणे ऐकले. मग म्हणाल्या, “बाई, पच्चक्खाणाच्या पाठात ‘सव्वसमाहिवत्तियागार’ म्हणतो, ते कशासाठी? देह आणि मन यांची समाधी ढळू नये म्हणून शास्त्रकारांनीच ठेवलेला हा आगार आहे. पोटातल्या दोन जिवांना उपाशी ठेवून कोणती अहिंसा साधणार? अठाईची भावना राहू द्या, वेळ आली की करा. आज माझ्याकडून एक नियम घ्या. ताटात येईल ते कुरकुर न करता संपवायचे आणि ताट धुऊन प्यायचे. हेच तुमचे तप.”

तिने नियम घेतला. ज्यांना अन्नावर वासना उरत नाही, त्यांनाच हे तप किती कठीण असते ते कळेल. संवत्सरीच्या दिवशी घरातले सारे उपवासाला असताना तिने एकटीने पाच वेळा खाल्ले, आणि प्रत्येक वेळी सासूबाई शेजारी बसून होत्या.

एकतिसाव्या आठवड्यात एका दुपारी पोटातली हालचाल मंदावल्यासारखी वाटली. गाडी पुण्याकडे निघाली. अंतर साठ किलोमीटरच, पण चाकणच्या कोंडीत ती अडकून पडली. आईला त्रास नको म्हणून भगवान महावीर गर्भात निश्चल राहिले आणि त्रिशलामाता शोकाकुल झाल्या, ही कथा ती लहानपणापासून पर्युषणात ऐकत आली होती. त्या शोकाचा अर्थ तिला त्या गाडीत उमगला. रुग्णालयात यंत्रावर दोन्ही हृदयांचे ठोके ऐकू आले, तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या पतीने भिंतीला डोके टेकले.

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत. पण जुन्नर पुण्यापासून आणखी तीसेक किलोमीटर दूर. त्यामुळे रीत मोडायची ठरली. पुण्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मुलीच्या सासरचे पाणीही न पिणारी आई जुन्नरहून तेथे येऊन राहिली आणि विहिणीच्या हातचे जेवू लागली. दोघी आळीपाळीने रात्री जागत. जुन्नरच्या मानमोडी डोंगरात अंबा-अंबिका लेणी आहेत. मूळच्या बौद्ध लेण्यांत पुढे जैन मूर्ती कोरल्या गेल्या, आणि भगवान नेमिनाथांच्या अंबिका यक्षीवरून त्यांना हे नाव पडले. अंबिका दोन पुत्रांची माता. एक कडेवर, दुसरा शेजारी उभा, असे तिचे रूप शिल्पांत आढळते. मुनींना आहार दिला म्हणून घराबाहेर काढलेली ती दोन लेकरांना घेऊन निघाली, ही तिची कथा आईने लेकीला सांगितली. “तिला घराने बाहेर काढले, तुझ्यासाठी दोन घरे एकत्र आली,” एवढेच ती पुढे म्हणाली.

धनत्रयोदशीच्या पहाटे, छत्तिसाव्या आठवड्यात, शस्त्रक्रियेने मुलगी आणि मुलगा जन्मले. वजने 1,900 आणि 1,750 ग्रॅम. बाळांना आठवडाभर अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. परिचारिकांनी शिकवल्याप्रमाणे आई आणि वडील त्यांना उघड्या छातीशी तासन् तास धरून बसत. त्या दिवाळीत पेढीचे वहीपूजन प्रथमच मालकाविना झाले.

ज्ञानपंचमीला, दुकाने पुन्हा उघडतात त्या दिवशी, मुले मंचरला आली. बघायला आलेल्या बायकांतली एक सहज म्हणाली, “जुळी! तुमच्या घराण्यात आहेत का हो कुणाला?”

सून खाली बघू लागली. सासूबाईंनी पाळण्याची दोरी हातातून सोडली नाही. म्हणाल्या, “नाहीत. पुण्याला उपचार घेतले, तीनदा. कुणाला डॉक्टरबाईंचा पत्ता हवा असेल तर माझ्याकडून घेऊन जा. आणि त्या एकच भ्रूण ठेवा म्हणाल्या तर ऐका. आमच्या मुलीने फार सोसले.”

खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. चार दिवसांनी दुपारच्या वेळी एक सासू तो पत्ता विचारायला आली. तिने आपल्या सुनेलाही बरोबर आणले होते.