लान्चिया गेली, जॅग्वार आली

सांगली

चि. सोनू,



परवा फोनवर तू घाईत होतीस, म्हणून आता निवांत लिहिते. ऑक्सफर्डच्या जेरिको भागात कालव्याजवळ तुला दहा-पंधरा माणसांचा घोळका भेटला, त्यात दोन आजीबाई हिरिरीने वाद घालत होत्या, एक म्हणे पुस्तकातला इन्स्पेक्टर मॉर्स खरा आणि दुसरी म्हणे पडद्यावर त्याचं काम करणारा जॉन थॉ म्हणजेच मॉर्स. तू मला विचारलंस, "मावशी, हा माणूस खरंच होऊन गेला का गं इथे?"

नाही, होऊन गेला नाही. पण ऑक्सफर्डमध्ये त्याच्या नावाने माणसं गल्ल्यांतून हिंडतात, रँडॉल्फ हॉटेलात त्याच्या नावाचा बार आहे आणि त्याच्यावरून म्हाताऱ्या बायका भररस्त्यात भांडतात. त्या भांडणाची गोष्ट मला तुला सांगायची आहे, कारण गेली कितीतरी वर्षं मी ते माझ्याशीच भांडते आहे.

मॉर्सला जन्म देणारा लेखक कॉलिन डेक्स्टर हा मुळात लॅटिन आणि ग्रीक शिकवणारा मास्तर. कानाने ऐकू येईनासं झालं तशी त्याने वर्गातली नोकरी सोडली आणि १९६६ साली ऑक्सफर्डला परीक्षा मंडळाच्या कामावर रुजू झाला. एकदा सुट्टीत बायकामुलांसह वेल्समध्ये असताना पाऊस उघडेना. हाताशी असलेली रहस्यकथा त्याने वाचली, ती काही त्याला पसंत पडली नाही आणि त्याने आपणच लिहायला घेतलं. १९७५ साली पहिली कादंबरी आली, 'लास्ट बस टू वूडस्टॉक'. १९९९ पर्यंत अशा तेरा झाल्या. त्याचा खरा जीव शब्दकोड्यांत. नायकाचं नावसुद्धा त्याने कोड्यांच्या स्पर्धेतले आपले तगडे प्रतिस्पर्धी सर जेरेमी मॉर्स यांच्यावरून ठेवलं. ते बँकेचे अध्यक्ष होते. त्याचा मदतनीस हवालदार लुईस, त्याचं नाव आलं 'मिसेस बी. लुईस' या टोपणनावावरून, तेही कोडी रचणाऱ्या एका बाईंचं. या जोडीच्या नावांत पोलीसखात्याचा काही संबंध नाही, हे मला फार आवडतं.

आता वादाचं मूळ. मॉर्सवरची मालिका सुरू झाली ६ जानेवारी १९८७ ला, आयटीव्हीवर, आणि पहिला भाग तू उभी होतीस त्या जेरिकोचाच. पटकथा अँथनी मिंगेलाची. जाहिराती धरून दोन तासांचा एकेक भाग. पोलिसांच्या मालिका तेव्हा तासाभरात आटोपायच्या, त्यामुळे एवढा वेळ लोक बसतील का अशी शंका होती. लोक बसले. मालिका भरात असताना एकेका भागाला दीड कोटीहून जास्त प्रेक्षक होते.

पण ज्यांनी आधी पुस्तकं वाचली होती ते बिथरले, आणि त्यांना कारणंही होती. पुस्तकातला लुईस वेल्सचा, वयाने मॉर्सच्या बरोबरीचा किंवा थोडा थोरलाच, एकेकाळी मुष्टियुद्ध खेळलेला. पडद्यावर केव्हिन व्हेटली आला तो न्यूकॅसलकडच्या बोलीचा तरुण, दोन लहान मुलांचा बाप. पुस्तकातला मॉर्स कंजूष तर आहेच, पण बायकांकडे बघायची त्याची नजरही वाईट आहे. थॉच्या मॉर्समध्ये ती नजर गेली आणि तिच्या जागी एकटेपणा आला. पुस्तकात त्याच्याकडे लान्चिया गाडी आहे, पडद्यावर जुनी मार्क टू जॅग्वार, मरून रंगाची, काळ्या छताची.

वाचकांची तक्रार होती की हे लोकांना रुचेल असं गुळगुळीत केलेलं रूप आहे. ती तक्रार मी खोटी म्हणणार नाही. पुस्तकातला मॉर्स आधी ठामपणे एक तर्क बांधतो, तो कोसळतो, मग दुसरा बांधतो, तोही कोसळतो. कोड्यात चुकीचा शब्द भरून पुढचे सगळे शब्द अडावेत तसं. ती गंमत पडद्यावर पूर्ण उतरत नाही, कारण तिथे आपण त्याच्या डोक्यात नसतो, फक्त तोंडाकडे बघत असतो.

पण लुईसच्या बाबतीत मी पडद्याच्या बाजूची आहे, आणि ते मला तुझ्या आजीने शिकवलं. मालिकेच्या डीव्हीडी मी आणल्या तेव्हा आजी माझ्याकडेच होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. मी विचारलं, लावू का दुसरं काही? म्हणाली, असू दे. दोन तास वाती वळत बसली. मधे एका प्रसंगात लुईस दाराशी कोट हातात घेऊन उभा राहतो आणि मॉर्स आपला संगीत लावून विचारात गढलेला. लुईसची नजर एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे जाते, एकदा साहेबाकडे. आजीचे हात थांबले. म्हणाली, "अरे, त्याची बायको जेवायची थांबली असेल. सोड की त्याला घरी." शब्द कळत नसताना तिला सगळी मालिका कळली होती. दोघं एका वयाचे असते तर ती नुसती दोन सहकाऱ्यांची कुरबुर झाली असती. थॉ पंचेचाळिशीचा आणि व्हेटली त्याच्याहून नऊ वर्षांनी धाकटा, म्हणून त्यात गुरू-शिष्य आले, बाप-लेक आले. आणि ज्याला घर आहे तो ज्याला घर नाही त्याची सोबत करतो आहे, हेही आलं. पुस्तकातल्या लुईसलाही बायकोच्या हातची अंडी आणि बटाट्याचे तळलेले तुकडे प्रिय आहेतच. पण घरी जायची ओढ त्याच्या तोंडावर दिसली ती पडद्यावर.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे असा वाद झाला की मूळ कुठलं आणि नक्कल कुठली याबद्दल कुणाला शंका नसते. शरदिंदूंच्या रहस्यकथांतला ब्योमकेश म्हटलं की तुझ्या आईच्या डोळ्यांपुढे १९९३ च्या दूरदर्शनवरचा रजित कपूरच उभा राहतो, पण शरदिंदूंनी लिहून ठेवलं ते ठेवलं, त्यात कुणी हात घातला नाही. मॉर्सचं तसं नाही. डेक्स्टर हयात होता, मालिका बघत होता, बहुतेक भागांत मागच्या गर्दीत क्षणभर दिसतोसुद्धा. आणि त्याला पडद्यावरचा मॉर्स आवडला. पुढच्या कादंबऱ्यांतला मॉर्स हळूहळू थॉसारखा होत गेला. गाडी जॅग्वार झाली. एवढंच नव्हे, तर जुन्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्यांत लान्चिया खोडून तिथेही जॅग्वार घातली! 'द वुल्व्हरकोट टंग' ही गोष्ट तर १९८७ साली आधी पडद्यावर आली आणि तिची कादंबरी १९९१ साली, 'द ज्युअल दॅट वॉज अवर्स' या नावाने. त्यातून ३३ भाग आणि कादंबऱ्या तेरा, म्हणजे बरेचसे भाग पुस्तकात नव्हतेच.

म्हणून जेरिकोतल्या त्या दोन आजींपैकी कुणी चुकत नाही असं माझं मत आहे. जी पुस्तकातला मॉर्स खरा म्हणते, तिला विचारायला हवं, कुठल्या सालच्या पुस्तकातला? लेखकानेच प्रेक्षकांचं म्हणणं ऐकलं आणि आपलं मूळ बदललं. काहींना हे लेखकाचं शरण जाणं वाटतं. मला नाही वाटत. ज्याने ऐकू येईना म्हणून वर्ग सोडला, त्याने दुसऱ्याच्या तोंडून आपलं माणूस बोलताना पाहिलं आणि म्हटलं, हो, हा असाच आहे. याला मन मोठं लागतं.

एक तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. मॉर्सला जी बाई आवडेल ती बहुधा गुन्ह्यात अडकलेली निघते नाहीतर मरते. पाच-सहा भागांनंतर अशी बाई आली की आपल्यालाच तिची काळजी वाटू लागते. एवढ्या चांगल्या नट्या घेऊन त्यांना असं वापरायला नको होतं. ऑक्सफर्डच्या रहिवाशांची आणखी एक जुनी कुरकूर आहे, की मालिकेत माणूस एका कॉलेजच्या दारातून आत जातो आणि दुसऱ्याच कॉलेजच्या अंगणात निघतो. ती तू आता स्वतः तपासू शकशील.

आणि मालिका संथ आहे म्हणतात त्यांना सांग, आधी सुरुवातीचं संगीत कान देऊन ऐका. बॅरिंग्टन फेलाँग यांनी त्यात तारेच्या भाषेत मॉर्सचंच नाव घातलं आहे. दोन लांब ठोके, मग तीन लांब, मग आखूड-लांब-आखूड, मग तीन आखूड आणि शेवटी एकच आखूड. मी बोटाने टेबलावर ठोके देत मोजलं आहे. एवढा बारीक विचार करून केलेल्या कामाला सवडीनेच बघावं लागतं.

शेवटचा भाग नोव्हेंबर २००० मध्ये आला. एक्झेटर कॉलेजच्या हिरवळीवर मॉर्स कोसळतो, आणि पुढे लुईस वाकून त्याच्या कपाळाचं चुंबन घेतो. फेब्रुवारी २००२ मध्ये थॉ स्वतः गेला, जेमतेम साठीचा. नंतर व्हेटलीची 'लुईस' मालिका झाली, आणि २०१२ पासून तरुण मॉर्सची 'एन्डेव्हर'. तिच्या पहिल्या भागाच्या शेवटी साहेब त्या पोराला विचारतो, वीस वर्षांनी कुठे असशील? पोरगा गाडीच्या आरशात बघतो आणि आरशातून जॉन थॉचे डोळे त्याच्याकडे बघतात. दहा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचे. मी तो भाग एकटीने पाहिला, आजी तोवर गेली होती. ती असती तर तिला काही समजावून सांगावं लागलं नसतं.

आता तुला एक काम सांगते. तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, शनिवारी जरा फिरून ये. 'लास्ट बस टू वूडस्टॉक' ची १९८७ च्या आधीची आवृत्ती मिळते का बघ. मुखपृष्ठावर थॉचा फोटो असेल तर घेऊ नकोस, ती नंतरची. आत चाळून बघ, गाडीचं नाव सापडेपर्यंत. लान्चिया असेल तर पैशांचा विचार करू नकोस, घे, आणि डिसेंबरात येताना हातातल्या पिशवीतून आण.

थंडीला जप.

तुझी,
मावशी