कागजीपुऱ्याचा कागद आणि चमकती शाई

दौलताबादचा किल्ला मागें टाकून वेरूळची वाट धरणारे प्रवासी पुष्कळ. परंतु दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा म्हणून जें लहानसें गांव आहे, तेथें वाहन थांबविणारे विरळा. आम्हीही तीन वेळां वेरूळास गेलों आणि तीनही वेळां तें गांव खिडकींतूनच पाहिलें. गेल्या मार्गशीर्षांत तेथें मुद्दाम उतरण्याचा योग आला, तो आमच्या नातीमुळें.

प्रकार असा झाला. आमच्या घरीं एक वही आहे. सणावारांचीं पक्वान्नें, मुलांच्या आजारांतले काढे आणि माहेरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांकडून ऐकलेल्या ओव्या, हें सर्व आमच्या कुटुंबानें तींत स्वहस्तें उतरून ठेविलें आहे. तिला जाऊन चार वर्षें झालीं. वहीचा पुठ्ठा उसवला होता; नातीनें तो नवा करण्याचें मनांत आणिलें. इतकें ऐकून आम्हांस बरें वाटलें. परंतु पुठ्ठ्याच्या कागदावर ती ‘शिमर स्प्रे’ नांवाची चमकती शाई उडविणार, हें कळतांच आम्ही बोललों, “आजीच्या वहीला नाटकाच्या पडद्याचा थाट कशाला?” तिनें शांतपणें उत्तर दिलें, “आजोबा, आजी दिवाळींत रांगोळींत अभ्रक मिसळीत असे, तें विसरलांत वाटतें?” यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. घरांतील सर्व मंडळी मात्र हंसली.

ही शाई म्हणजे तरी काय? लहानशा कुपींत पाण्यासारखा पातळ रंग, थोडा चिकट पदार्थ आणि अभ्रकाची अतिसूक्ष्म पूड. कुपी स्वस्थ ठेविली कीं पूड तळाशीं बसते आणि वर नुसतें रंगीत पाणी राहतें. म्हणून प्रत्येक वेळीं कुपी चांगली हालवावी लागते. अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अत्यंत पातळ थर चढविलेला असतो. त्या थराच्या जाडीप्रमाणें तेज कधीं रुपेरी, कधीं निळसर, कधीं तांबूस दिसतें. सोनेरी छटेसाठीं लोहाचें भस्मही वापरतात. अभ्र म्हणजे मेघ, त्यावरून अभ्रक. ज्यानें हें नांव ठेविलें त्याची दृष्टि आमच्या नातीच्या कुपीपर्यंत पोंचली होती, असें म्हणण्याचा मोह होतो.

आतां कागदाकडे वळूं. इ. स. १३२७ मध्यें महंमद तुघलखानें दिल्लीहून राजधानी देवगिरीस हालविली आणि त्या स्थळास दौलताबाद म्हटलें. त्याच्यामागून जे कारागीर आले त्यांत कागद करणारेही होते आणि त्यांचीच ही वस्ती, अशी गांवची परंपरा सांगते. राजधानी परत गेली, कागद राहिला. जुन्नरचा कागद आणि दौलताबादी कागद हीं नांवें जुन्या दप्तरांशीं संबंध असणाऱ्यांस परकीं नाहींत.

ज्या कारखान्यांत आम्ही शिरलों तेथें ओल्या सुती चिंध्यांचा वास भरला होता. चिंध्यांचा लगदा हौदांत कालविलेला. दोन हातांनीं धरलेला सांचा कारागीर त्यांत बुडवी, वर उचली आणि एकदां उजवीकडे, एकदां पुढें असा अलगद हालवी. पाणी गळून जाई आणि सांच्यावर सायीसारखा थर उरे. तोच कागद. पुढें तो कापडावर उलटावयाचा, थप्पी दाबून पाणी काढावयाचें आणि वाळवावयाचा. पण एवढ्यानें तो लिहिण्याजोगा होत नाहीं. त्यास खळ द्यावी लागते आणि मग गुळगुळीत दगडानें घोटावें लागतें. पूर्वीच्या पोथ्यांचीं पानें बोटाखालीं रेशमासारखीं लागतात, तें या घोटण्याचें फळ.

नातीनें हौसेनें सर्वांत जाड, खरखरीत ताव निवडला. तेथील वृद्ध कारागिरांनीं तिच्या हातांतील कुपी पाहिली, जिभेच्या टोंकानें बोट ओलें करून तावाच्या कोपऱ्यास लाविलें आणि कागद उलटून दाखविला. ओल आरपार उतरली होती. “बेटी, याला खळ नाहीं. तुझी शाई हा पिऊन टाकील,” असें म्हणून त्यांनीं दुसरा, खळ दिलेला ताव काढला. दोहोंच्या तुकड्यांवर शाई उडवून पाहिली तों त्यांचें म्हणणें खरें ठरलें. पहिल्यावर रंग खोल मुरला आणि पाठीमागें डाग उमटला. दुसऱ्यावर तो वर राहून अभ्रक ताऱ्यांसारखें पसरलें. गर्द निळ्या तावावर तर तें अधिकच खुललें. मोगल दरबारांत सोन्याच्या वर्खाचे कण शिंपडून ‘जरअफशानी’ कागद करीत, हें आम्ही बोलून गेलों, त्यावर वृद्ध गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, तेव्हां सोनें होतें, आतां कुपी आहे. खळ तीच.” दोन ताव घेऊन आम्ही परतलों.

येथवर सर्व सुखाचें. घरीं आल्यावर नातीनें मेजावर रद्दी पसरली, कागदाची कातरलेली वेलबुट्टी तावावर ठेविली आणि फवारा मारूं लागली. कुपीचें तोंड वाळलेल्या अभ्रकानें चोंदलें होतें. तें कोमट पाण्यांत धुवावें, हें तिला ठाऊक होतें व ती उठणारही होती. परंतु आमच्यांतील शिक्षकास धीर कोठला? पुठ्ठ्याचें माप पुन्हां ताडून पाहण्यासाठीं आम्हीं वही उघडून मेजावर ठेविली आणि “जोरानें दाब, निघेल,” असा उपदेश केला. तिनें दाबलें. शाई निघाली ती तिरपी. पांच-सहा निळे थेंब ओव्यांच्या पानावर पडले. जुनी शाई पाण्यानें विरघळणारी. दोन अक्षरें डोळ्यांदेखत पसरलीं.

पोरीनें तोंड झांकून घेतलें. आम्हीं टीपकागद आणून पुसूं न देतां नुसता दाबला. तेवढें तरी सुचलें. चूक आमची होती, हें तिला स्पष्ट सांगितलें. चाळीस वर्षें मुलांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविणाऱ्यास हें वाक्य उच्चारावयास किंचित् वेळ लागला. पूर्वीचे लेखक चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फांसून वर नवें लिहीत. त्यावरूनच आपला वाक्प्रचार आला. नातीनें विचारलें, “वर नवीन लिहूं का, आजीसारखें?” आम्ही म्हणालों, नको.

पुठ्ठा दुसऱ्या दिवशीं झाला. कुपीचें तोंड धुतलेलें, वही दुसऱ्या खोलींत. वाळल्यावर अभ्रक बोटांस लागूं नये म्हणून तिनें वरून पातळ वार्निशाचा हात दिला. पुठ्ठा उत्तम साधला आहे. आमच्या थोरल्या सुनेनें तर तसाच एक पंचांगासाठीं मागितला. वही मात्र सकाळच्या उन्हांत उघडली कीं ओव्यांच्या त्या पानावर पांच-सहा ठिकाणीं बारीक चमक दिसते. पसरलेलीं अक्षरें ‘दळण’ या शब्दांतलीं आहेत. लावून वाचतां येतात.