विटेतलं पाणी आणि समुद्रातलं तेल

दोस्तांनो, घरात एक रुपयाची नोट असेल तर ती उलटी करून बघा. समुद्रात पाय रोवून उभा असलेला एक मनोरा दिसेल. तोच 'सागरसम्राट'! जपानमध्ये बांधलेल्या या मनोऱ्याने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, समुद्राच्या तळाला भोक पाडलं आणि १९ फेब्रुवारी १९७४ रोजी तिथे तेल लागलं. १९७६ च्या मे महिन्यात उपसा सुरू झाला.

आमच्या पुलगावहून मुंबई रेल्वेने सातशे किलोमीटरहून लांब. इथल्या मुलांना मी 'मुंबई हाय' दाखवणार कसं? एका शनिवारी वर्धा नदीवरून काळा दगड आणला, शेजारी वीट ठेवली. दोन्हींवर पाणी ओतलं. दगडावरून ते ओघळून गेलं, विटेने मात्र पिऊन टाकलं. तेलाचंही तसंच आहे बरं का! जमिनीखाली त्याचं काही तळं नसतं. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात बारीक जीवांच्या कवचांचा चुरा साचून चुनखडक झाला. त्याच्या छिद्रांत ते मुरलेलं आहे. आणि गंमत म्हणजे, त्या चुनखडकाच्या खूप खाली काही ठिकाणी आपल्याकडचाच काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, सापडतो!

"सर, तेल त पाण्यावर तरंगते. मंग ते वर काहून नाही आलं?" मागून प्रश्न आला.

यायला निघालंच होतं की! पण तिथे खडकाला उंचवटा आहे (म्हणून तर नाव 'हाय') आणि त्यावर चिकणमातीच्या घट्ट थराचं झाकण. तेल तिथेच कोंडलं.

१९८५ मध्ये इथून दिवसाला ४ लाख ७१ हजार पिंपं तेल निघालं. एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर. आता निघतं ते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. उपसा होईल तसा खडकातला दाब उतरतो. मग समुद्राचंच पाणी आत दाबतात, म्हणजे ते तेलाला विहिरीकडे ढकलेल. पण पाणी मोठं लबाड! सोपी वाट शोधून पुष्कळदा तेच आधी वर येतं.

काम धोक्याचंही आहे. २७ जुलै २००५ ला तिथल्या एका फलाटाला जहाज धडकलं, आग लागली, २२ माणसं गेली.

२०२५ मध्ये ओएनजीसीने उत्पादन वाढवण्यासाठी 'बीपी' या ब्रिटिश कंपनीची मदत घेतली. तेल अजून आहे हो, पण खडक ते सहजी सोडत नाही.

आमची वीट खिडकीत वाळत ठेवली होती. सोमवारी फोडली. वरून कोरडी ठणठणीत, आतून ओलीच.