पाच वॅटचा दिवा

गेल्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात विजेचं बिल आलं आणि आमच्या घरात शांतता पसरली. पावसाळ्यात १३५ युनिटच्या आसपास असणारा आकडा २१० वर गेला होता. बिलाची रक्कम मात्र त्याच प्रमाणात वाढली नव्हती, त्याहून बरीच जास्त वाढली होती. १०० युनिटपर्यंतचा दर एक, आणि १०१ पासून ३०० पर्यंतचा त्याच्या दुपटीच्या जवळपास. म्हणजे वाढलेलं प्रत्येक युनिट महागड्या पायरीवरचं. हे आम्हाला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि भरणं वेगळं.

आमचं घर सोमेश्वरनगरचं. घरात सहा माणसं. अम्मीजान, म्हणजे आमच्या सासूबाई, आम्ही दोघं आणि तीन मुलं. मास्तरकीची सवय अशी असते की घरातला प्रश्नसुद्धा तक्त्यावर चढल्याशिवाय सुटत नाही. आम्ही कार्डशीटवर मोठा तक्ता केला. डाव्या बाजूला उर्दूत आणि उजव्या बाजूला मराठीत खोल्यांची नावं लिहिली. विनाकारण चालू असलेला दिवा, पंखा, टीव्ही जो बंद करील त्याच्या नावापुढे सोनेरी तारा. महिनाअखेर ज्याचे तारे जास्त, त्याला नीरेच्या बाजारातून त्याच्या आवडीची वस्तू. धाकटा सहावीत. त्याने हे काम इतकं मनावर घेतलं की शेजारचे त्याला ‘लाइटमन’ म्हणायला लागले.

तक्त्याच्या वर आम्ही ‘इसराफ’ हा शब्द ठळक लिहिला होता. सूरह अल-आराफच्या ३१व्या आयतीत खाण्यापिण्यातल्या उधळपट्टीची मनाई आहे, हे मुलं मक्तबमध्ये शिकलेली. विजेलाही तेच लागू, असं आम्ही त्यांना समजावलं. थोरलीने विचारलं, “पण आपल्या कारखान्यातच वीज तयार होते ना? मग कमी पडायचं कारण काय?” प्रश्न रास्त होता. गळीत हंगामात ऊस गाळून उरलेलं चिपाड, ज्याला सगळे बगॅस म्हणतात, बॉयलरमध्ये जळतं, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरतं, रस आटवायलाही तीच वाफ लागते. आपल्याच टाकाऊ वस्तूवर आपला उद्योग चालवणं, यापेक्षा चांगलं उदाहरण मुलांना दाखवायला दूर जायची गरज नाही. पण आपल्या घरात येणारी वीज एका ठिकाणची नसते. राज्यभरच्या तारा एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे. चंद्रपूर, कोराडी इथं जळणाऱ्या कोळशाचा हिशेब साधारण असा पडतो की एका युनिटमागे ७०० ग्रॅमच्या आसपास कोळसा. थोरलीने लगेच २१० ने गुणलं. जवळजवळ दीड क्विंटल. एका घराचा, एका महिन्याचा. उसाच्या गावात क्विंटल म्हणजे किती हे लहान मुलालाही कळतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मीटरची परीक्षा घेतली. घरातलं एकूण एक बटण बंद केलं, फ्रिजसुद्धा, आणि सगळे मीटरपुढे उभे राहिलो. तरी मीटरवरचा लाल ठिपका मिनिटाला एकदा लुकलुकतच होता. आमच्या मीटरवर ३२०० वेळा लुकलुकलं की एक युनिट, असं लिहिलेलं आहे. मिनिटाला एकदा म्हणजे तासाला ६०. हिशेब केला तर १९ वॅट निघाले. चोवीस तास, तीस दिवस. महिन्याला तेरा-चौदा युनिट, आणि त्या बदल्यात घरात काहीच चालू नाही. शोधता शोधता सापडलं ते असं : टीव्ही रिमोटने बंद केलेला, त्याचा सेट टॉप बॉक्स आत जागाच, आणि इन्व्हर्टर. भारनियमनाच्या वर्षांत घेतलेला तो इन्व्हर्टर, आता वीज फारशी जात नाही तरी भिंतीवर तसाच बसून होता. टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद करायचं ठरलं. इन्व्हर्टर काढून ठेवला. आम्हाला वाटलं, चोर सापडला.

मुलं आता अंधारातच वावरायला लागली. संध्याकाळी एका खोलीत एकच दिवा, सगळ्यांनी तिथंच बसायचं. अम्मीजान हसून म्हणायच्या, “कंदील के जमाने में वापस ले गए तुम लोगां.” त्यांना आवडलंही असावं, कारण बऱ्याच वर्षांनी सगळी नातवंडं एका खोलीत होती.

मधल्या खोलीपासून न्हाणीपर्यंत एक बोळ आहे. तिथं रात्रभर एक छोटा दिवा असायचा. त्याला घरात अजून ‘झिरोचा बल्ब’ म्हणतात. जुना झिरोचा बल्ब झिरो कधीच नव्हता, तो बारा-पंधरा वॅट खायचा. हा नवा एलईडीचा, पाच वॅटचा. जानेवारीच्या अखेरच्या एका रात्री धाकट्याने तो बंद केला, आणि आईने पुन्हा लावू नये म्हणून होल्डरमधून काढूनच ठेवला. अम्मीजान तहज्जुदला उठतात. त्या रात्री साडेचारच्या सुमारास आवाज आला.

आम्ही धावलो तेव्हा त्या बोळात भिंतीला टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर धरलेला. बारामतीला नेलं, मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं, कशा पडल्या? त्या आमच्याकडे न बघता म्हणाल्या, “भीगी फरशी पर से पाव सरक्या, बस.” फरशी कोरडी होती. पाणी सांडायलासुद्धा त्या अजून न्हाणीपर्यंत पोचल्या नव्हत्या.

घरी आलो तर तक्त्यावर धाकट्याच्या नावापुढे ‘बोळ’ असं लिहून नवा तारा चिकटवलेला होता. त्याने तो रात्री झोपण्यापूर्वीच लावला होता. दुपारी तो तारा खरवडून काढताना दिसला. निघत नव्हता, चांगल्या डिंकाचा होता. अम्मीजानांनी त्याला जवळ घेतलं आणि आम्हाला दटावलं, “बच्चे को कुछ नक्को बोलो.” त्याला बोलायचा प्रश्नच नव्हता. तक्ता आमच्या हातचा होता. ताऱ्यांची कल्पनाही आमचीच.

त्या रात्री आम्ही दोघं जेवण झाल्यावर कागद घेऊन बसलो. जो हिशेब पहिल्या दिवशी करायला हवा होता तो आता केला. पाच वॅटचा दिवा रात्रीचे दहा तास जळला तर ५० वॅट-तास. तीस रात्री मिळून दीड युनिट. महागड्या पायरीच्या दरानेसुद्धा वीस रुपयांच्या आत. मग गिझरकडे वळलो. एका माणसाच्या आंघोळीला साधारण १८ लिटरची बादली. हिवाळ्यात टाकीचं पाणी २० अंशांवर असतं, ते ४० वर न्यायचं तर चारशे वॅट-तासांहून थोडी जास्त वीज लागते. सहा माणसांची अडीच युनिट. महिन्याची ७५. त्यात फजरपासून इशापर्यंत वुजूला गरम पाणी, भांड्यांना गरम पाणी, आणि बटण चालूच राहिल्याने टाकी निवली की पुन्हा तापणं हे वेगळंच. पावसाळ्याच्या आणि जानेवारीच्या बिलातला सगळा फरक एका न्हाणीत होता. आणि आम्ही तीन आठवडे दिवे विझवत फिरत होतो.

असं का झालं याचा पुढे बराच विचार केला. दिवा दिसतो, म्हणून तो खर्च वाटतो. पाण्यातली ऊब दिसत नाही. लहानपणी आम्हाला ‘दिवा मालव’ असंच सांगितलं जायचं, आणि ६० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या काळात ते बरोबरही होतं. आता त्याच्या जागी नऊ वॅटचा एलईडी आला, पण आमची नजर बल्बवरच राहिली. पुढचं बिल आलं, फक्त १८ युनिट कमी. त्यातली बहुतेक सेट टॉप बॉक्सची आणि इन्व्हर्टरची.

मग आम्ही गिझरच्या मागे लागलो. पूर्वी अंगणात तांब्याचा बंब असायचा, त्यात पाचट, तुराट्या, बाभळीचा ढलपा, जे मिळेल ते जायचं. वीज शून्य. कुणी म्हणेल, मग बंबच बरा. आम्ही नाही म्हणणार. त्या बंबापुढे आणि चुलीपुढे तीस वर्षं बसल्याने अम्मीजानांना जो खोकला जडला तो अजून गेलेला नाही. जुनं सगळं पर्यावरणाला चांगलंच होतं, असं लेखांतून वाचायला बरं वाटतं. धूर ज्याच्या छातीत गेला त्याला विचारावं. शेतात पाचट पेटवतात त्या दिवशी वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी फुलं पडतात, तेही जुनंच आहे. तेच पाचट सरीत पसरून कुजू दिलं तर जमिनीची ओल टिकते आणि पाण्याची एखादी पाळी वाचते. आमच्या भावकीतले काहीजण आता तसं करतात. जे करत नाहीत त्यांना उपदेश करून उपयोग होत नाही.

सौर बंबाचं ठरलं आणि फेब्रुवारीत तो छतावर बसला, दोनशे लिटरचा, काचेच्या नळ्यांचा. बोअरचं पाणी क्षारी असल्याने नळ्यांत साका धरतो, म्हणून आम्ही त्याला कालव्यावरच्या योजनेचं पाणी जोडलं. एक अडचण राहिली. छतापासून न्हाणीपर्यंतच्या पाइपात रात्रभर थांबलेलं पाणी गार असतं, पाच-सहा लिटर सोडल्यावर गरम येतं. पहिले काही दिवस ते गटारात गेलं. आता नळाखाली बादली असते, ती कढीपत्त्याला आणि मोगऱ्याला जाते.

अम्मीजानांच्या फजरच्या वुजूचा मार्ग मात्र त्यांनीच काढला. हात प्लास्टरमध्ये, नळ फिरवता येत नाही, म्हणून आम्ही लोट्याने पाणी घालायचो. संध्याकाळचं गरम पाणी थर्मासमध्ये भरून ठेवायचं, पहाटे ते लोट्यात. एका लोट्यात वुजू पूर्ण व्हायचा. थोरलीला कुतूहल वाटलं, तिने मोजून पाहिलं. लोट्याने दीड लिटर. तिचा स्वतःचा नळाखालचा वुजू बादलीत धरला तर साडेसहा लिटर. हुजूर (सल्ल.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत, असं बुखारी आणि मुस्लिम या दोन्हींत आहे, आणि मुद्द म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास मानलं जातं. वाहत्या नदीकाठीसुद्धा वुजूत पाण्याची उधळपट्टी नको, ही इब्ने माजामधली रिवायत तर सगळ्यांच्या ओळखीची. तिच्या सनदीवर उलेमांनी चर्चा केली आहे, पण अर्थाला कुणी हरकत घेईल असं वाटत नाही. आम्ही खरोखरच वाहत्या नीरेच्या काठी राहणारी माणसं. डावा कालवा १८८० च्या दशकातला. चार पिढ्या त्याचं पाणी पिऊन, त्यावर ऊस पिकवून वाढल्या. पाणी संपू शकतं हे आम्हाला दुष्काळी गावांतून आलेल्या सुनांकडून कळलं.

रमजान आला तेव्हा प्लास्टर अजून होतं. सेहरीला सगळे उठणार म्हणून खर्च वाढेल अशी भीती होती. पण सेहरीचं बरंचसं काम अम्मीजानांच्या एका जुन्या सवयीने हलकं केलं. मुहर्रमचा खिचडा असो की सेहरीची डाळ, त्या शिजत आलेलं पातेलं उतरवून घट्ट झाकण लावतात आणि दोन गोधड्यांत गुंडाळून ठेवतात. आतल्या उष्णतेवरच ते पुढं शिजतं. आम्हाला ही जुन्या बायकांची खोड वाटायची. आता गॅसचं सिलिंडर आठवडाभर जास्त चालतं. चणे, राजमा आदल्या रात्री भिजवणं हेही त्यांचंच. यातलं काहीही तक्त्यावर नव्हतं, कारण आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.

छतावर सौर वीज बसवण्याचं अजून झालेलं नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे आणि एक किलोवॅटमागे दिवसाला चारेक युनिट मिळतात, हे गणित आम्ही कितीदा तरी मांडलं. पण आमचं अर्धं छत पत्र्याचं, आणि घर तिघा भावांच्या नावावर. एक भाऊ पुण्यात, एक सौदीत. सह्या जमतील तेव्हा जमतील.

तक्ता आम्ही काढून टाकणार होतो. धाकट्याने काढू दिला नाही. त्याने मागच्या कोऱ्या बाजूवर नवा आखला आहे. त्यात तारे नाहीत, फक्त रोज रात्रीचा मीटरचा आकडा आणि कालच्यातून वजाबाकी. बोळातला दिवा त्याने स्वतः बसवला, आणि न्हाणीच्या दारापाशी आणखी एक. दोन्ही मिळून तीन युनिट, हे त्याने तक्त्याच्या कोपऱ्यात वेगळं लिहून ठेवलं आहे, ‘दादी’ या नावाने.

प्लास्टर निघालं तरी अम्मीजानांच्या मनगटात थोडा वाक राहिला. तसबीह आता डाव्या हाताने फिरवतात. इशानंतर धाकटा बॅटरी घेऊन मीटरपाशी जातो आणि त्या आतून विचारतात, “कित्ते हुए रे आज?”

“साडेचार, दादी.”

“कल तो चार थे.”

“आज अब्बू ने इस्तरी की.”

मग मुलांच्या अब्बूंना आतून हाक येते.