न उडविण्याचा निर्णय

यंत्र जितकें आज्ञाधारक, तितका तें चालविणारा निर्धास्त, असें आम्हांस पुष्कळदां वाटतें. गाडीवान बैलाच्या लहरीला भिऊन तरी सावध असे. ड्रोन उडविणाऱ्यास तेंही भय नाहीं. बोटाच्या इषाऱ्यासरशीं यंत्र वर चढतें, आणि चढलें तसेंच तें सुखरूप उतरेल अशी त्याची समजूत होऊन बसते. परंतु १२० मीटरांवरून सुटलेली वस्तु, हवेचा अडथळा हिशेबांत न धरिल्यास, ५ सेकंदांत भुईवर येते. गर्दीला बाजूला सरण्यास तेवढा अवधि कोठून पुरणार?

आमच्या शेजारचा एक तरुण लग्नसमारंभांचें व शेतजमिनींचें ड्रोननें चित्रण करून पोट भरतो. आम्हांस कौतुक वाटलें तें त्याच्या यंत्राचें नव्हे, वहीचें. कामाच्या आदल्या दिवशीं तो जागा पाहून येतो व विजेच्या तारा, मनोरे, उतरण्याजोगी मोकळी जागा टिपून ठेवितो. संपर्क तुटल्यास यंत्र आपण होऊन परततें खरें. पण नेमून दिलेल्या उंचीवरूनच परततें. ती उंची वाटेंतील चिंचेहून कमी असली, तर तें इमानानें चिंचेवरच जाऊन आदळावयाचें! म्हणून सर्वांत उंच झाडाची नोंद आधीं. जातांना पाठीशीं असलेला वारा परततांना समोर उभा राहातो. म्हणून बॅटरीचा हिशेब परतीच्या वाटेवरून. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें हिरव्या क्षेत्रांत १२० मीटरांपर्यंत उडवितां येतें. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यांत ती मर्यादा ६० मीटरांवर येते. हीं बंधनें बदलूं शकतात, म्हणून सरकारी नकाशा प्रत्येक खेपेस नव्यानें पाहावा लागतो.

परंतु वहींतील खरें महत्त्वाचें कलम शेवटचें: कोणत्या स्थितींत उडवावयाचेंच नाहीं. तें आदल्या रात्रींच लिहावें लागतें. कारण दुसऱ्या दिवशीं यजमानाची घाई, ठरलेला पैसा आणि चारचौघांची भीड हीं तिन्ही एकदम विवेकावर चालून येतात. एका लग्नांत वधूपित्यानें आग्रह धरिला, "बाळा, वरातीवरून एकच फेरी घे." तो म्हणाला, "काका, माणसांच्या डोक्यावरून नाहीं. पलीकडच्या मोकळ्या वावरावरून घेतों." यजमान रुष्ट झाले आणि ठरलेल्या रकमेंतून कांहीं कापलेंही गेलें.

या धंद्यांतील अन्याय हाच आहे. घेतलेलें चित्र सर्वांस दिसतें. टळलेल्या अपघाताचें चित्र कोणासही दाखवितां येत नाहीं. तेव्हां सावधपणाची किंमत उडविणाऱ्या एकट्यानेंच कां भरावी? काम सांगणाऱ्यानें दर विचारण्यापूर्वीं ती वही पाहावी, आणि "आज उडविणार नाहीं" या उत्तराचेही पैसे मोजावेत. तसा रिवाज पडेल तर मुलाबाळांनीं आकाशाकडे खुशाल तोंड वर करून पाहावें असें आम्ही म्हणूं.