गळण्यासाठीच ठेवलेलं भोक

गेल्या रविवारपासून मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगतेय: गाडीच्या वॉटर पंपाला खालच्या अंगाला एक भोक असतं. तुरीच्या दाण्याएवढं. आणि ते मुद्दाम ठेवलेलं असतं, गळण्यासाठी! ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यातून हिरवा थेंब फुगताना पाहिला, लोंबताना पाहिला, सुटताना पाहिला. इतकी वर्षं त्या गाडीत बसते मी, आणि हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

गाडी आबांची. 1997 सालची, डिझेलची. घरात सगळे म्हणायचे, "पाणी खाते जरा. जुन्या गाड्या खातातच." म्हणून सीटमागे पाच लिटरचा कॅन कायमचा. मेमध्ये रत्नागिरीहून परतताना साखरपा सोडलं, आंबा घाट चढायला लागलो आणि काटा लाल पट्ट्याकडे सरकायला लागला. बाजूला घेऊन तासभर थांबलो. गरम इंजिनाचं टोपण उघडायचं नाही, एवढं आबांना पक्कं ठाऊक होतं. दगडावर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. खाते म्हणजे काय? पाणी कुठंतरी जात असणार ना!

आधी एका गॅरेजनं रेडिएटर झाळून दिला होता. गळती तशीच. मग मी रात्री गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा अंथरायला लागले. सकाळी डाग दिसायचा तो पार मागे, गिअरबॉक्सच्या जवळ. म्हणजे इंजिनाच्या मागच्या बाजूचा एखादा प्लग गेला असणार, असं मी ठरवूनच टाकलं. आबांचे मित्र मिस्त्रीकाका, उमेदीची सगळी वर्षं उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत काढलेला माणूस, पुठ्ठ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, थेंब पडतो तिथं गळत नसतंय. गाडी पळताना पंख्याचा वारा पाणी मागं नेतो. इंजिन थंड असताना बघायचं, पंखा बंद असताना."

पण गळती दिसायला दाब हवा, आणि थंड इंजिनात तो कुठून आणायचा? काकांनी पिशवीतून एक हातपंप काढला. सायकलच्या पंपासारखाच, फक्त डोक्यावर काट्याची तबकडी. रेडिएटरचं टोपण काढून त्याजागी तो बसवायचा आणि हातानं दाब भरायचा. आमच्या टोपणावर 0.9 कोरलेलं आहे. म्हणजे 0.9 बार, सुमारे 13 पीएसआय. हे टोपण म्हणजे कुकरची शिट्टीच! एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा समुद्रसपाटीला 100 ऐवजी जवळजवळ 119 अंशांपर्यंत उकळत नाही. आणि त्याच टोपणात आतल्या बाजूला आणखी एक चिमुकली झडप असते. इंजिन निवलं की ती उघडते आणि बाजूच्या बाटलीत गेलेलं कूलंट परत आत ओढून घेते. एवढ्याशा टोपणात दोन झडपा, दोन दिशांना. रोज हाताळत होतो आपण हे!

काटा 13 वर नेला. पाच मिनिटांत 10 वर. डिपस्टिक ओढून पाहिली, ऑईल स्वच्छ होतं, दुधाळ नव्हतं. रेडिएटरमधून बुडबुडेही येत नव्हते. म्हणजे हेड गॅस्केटवर संशय घ्यायचं कारण नव्हतं. आबांनी मोठा श्वास सोडला. मी टॉर्च आणि पावडरच्या डबीतला आरसा घेऊन खाली घुसले. होज पाईप कोरडे, क्लिपा कोरड्या, झाळलेली जागाही कोरडी. मग आरसा पंख्यामागे तिरका धरला आणि दिसलं. पंपाच्या पोटाखाली पांढरट हिरव्या क्षाराची वाळलेली मिशी, आणि तिच्या मधोमध ते भोक. थेंब येत होता. "काका, पंपाला भोक पडलंय!" मी ओरडलेच. काका हसले. "पडलं न्हाई, ठेवलंय. वीप होल म्हणतात त्याला."

रडायचं भोक! पंपाचा दांडा बाहेरच्या बाजूला बेअरिंगवर फिरतो, आत त्याची पाती पाणी ढकलतात, आणि दोन्हींच्या मध्ये सील असतं. स्प्रिंगनं एकमेकांवर दाबलेल्या दोन गुळगुळीत चकत्या, एक फिरणारी, एक स्थिर. सील झिजलं की पाणी बेअरिंगकडे निघतं. तिथं पोचलं तर ग्रीस धुऊन जाणार, बेअरिंग तुटणार, आणि पुढे बसवलेला पंखा थेट रेडिएटरमध्ये घुसणार. म्हणून मधल्या जागेत हे भोक. पाण्यानं बेअरिंगकडे न जाता बाहेर पडावं आणि मालकाला कळावं. कुणीतरी कागदावर पंप रेखाटतानाच तो कसा मरेल याचा विचार केला होता, आणि मरायच्या आधी त्याला बोलता यावं म्हणून जागा ठेवली होती. मला त्या अनोळखी माणसाचे पाय धरावेसे वाटले.

काकांनी पंखा धरून हलवला. कटकट. बेअरिंगही ढिलं व्हायला लागलं होतं. नवा पंप आणि गॅस्केट उद्यमनगरातून आणलं. पंपाचे बोल्ट एका लांबीचे नसतात, म्हणून काकांनी पुठ्ठ्यावर पंपाची आकृती काढून ज्या जागचा बोल्ट त्याच जागी खोचायला लावला. तोच पुठ्ठा, डागांचा! जुनं गॅस्केट खरवडण्यात दुपार गेली. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. पुन्हा 13 पर्यंत दाब भरला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं आम्ही तिघं त्या काट्याकडे बघत बसलो. ढिम्म हलला नाही.

कॅनमधलं बोअरचं पाणी यापुढे बंद. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं घातलं, टोपण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं, आणि काकांनी माझा हात वरच्या होजवर ठेवला. गार. गार. अजून गारच. आणि एकाएकी हाताखाली ऊब धावत आली, रेडिएटरनं गुळकन घोट घेतला आणि पातळी खाली गेली! आत थर्मोस्टॅटमधलं मेण वितळून फुगलं होतं आणि दार उघडलं होतं. मेण! उरलेलं कूलंट भरलं, टोपण लावलं.

काल शेजारच्या दादांच्या टेम्पोखाली हिरवट डाग दिसला. "पाणी खातोय जरा," ते म्हणाले. मी आरसा आणायला घरात पळाले.